परातीतील पिवळे पाणी आणि मंजुळाबाईचे रक्त

वाचकहो, पुढे जो वृत्तान्त मी सादर करणार आहे, त्यात एका भगताची परात आहे, एका प्रयोगशाळेचा कागद आहे आणि एका बाईचा जीव आहे. परातीने लोकांना फसविले. कागद खरा होता. परंतु ज्याने वाचला त्याने तो उलटा वाचला. या दोहोंच्या मध्ये एका बाईचा जीव कसा सापडला, ते मी क्रमाने व पदरचे काही न घालता निवेदन करणार आहे. हसावेसे वाटेल तेथे अवश्य हसावे. शेवटपर्यंत ते हसू टिकणार नाही, एवढी पूर्वसूचना देऊन आरंभ करतो.

एरंडोलहून पारोळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून आत वळले की निंबखेडी नावाचे गाव लागते. एरवी तेथे एस.टी. थांबावी म्हणून कंडक्टरच्या विनवण्या कराव्या लागत. परंतु १९८८ सालच्या दिवाळीच्या सुमारास काळ असा पालटला की दर रविवारी कंडक्टर स्वतःच दार उघडून ओरडे, "चला, कावीळवाले उतरा!" आणि अर्धी गाडी रिकामी होई.

गावाबाहेरच्या चिंचेखाली पितांबर भगत बसे. त्याच्यापुढे पितळेची भली मोठी परात आणि परातीत चुन्याची निवळी, विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ. भोवती जनसमुदायाचे कडे. कोणी म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आलेला, कोणी तापलेले पोर पदराखाली झाकून बसलेली. भगताचा चेला सुपडू हाती काठी घेऊन गर्दी मागे रेटीत असे.

"सरका रे भो, सरका! परातमाईन कावीय उडी ते आंगवर चिटकी जाई! मंग आबाले नाव नका ठेवज्यात!"

लोक हसत आणि घाबरून खरोखरच मागे सरकत.

भगत रोग्याच्या दोन्ही हातांना कोपरापासून बोटांपर्यंत अंगारा चोळी, ओठातल्या ओठात काही पुटपुटे, आणि मग ते हात परातीत धुई. पाहता पाहता निवळी पिवळी होई. हळद कालवावी इतकी पिवळी! "उतरनी! उतरनी!" असा एकच गजर उठे. पुष्कळ बायका डोळे पुसत. आपल्या माणसाच्या अंगातून रोग निघून पाण्यात पडताना डोळ्यांनी दिसावा, याहून मोठे समाधान ते कोणते?

आता या भगताची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. इतर भगत डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडतात. पितांबर तसे करीत नसे. तो छाती पुढे काढून म्हणे, "मी आंधया इश्वास मांगत नही. जा, तालुकाले जा, रक्त तपासा. डागदरना कागद बोली, तवय मना पाय धरज्यात!" आणि लोक खरोखर रक्त तपासून कागद आणीत. कावीळ उतरल्याचे ते कागद चिंचेच्या दोन फांद्यांमध्ये दोरी बांधून तिला धुण्यासारखे टांगलेले असत. ज्यांना अक्षर येत नसे, तेही त्या दोरीकडे हात जोडून पाहत.

त्या गर्दीत एका रविवारी झुलाल आपल्या बायकोला घेऊन आला.

झुलाल हा एरंडोलजवळच्या एका मळ्यावर राहणारा शेतकरी. विहिरीच्या पाण्यावर केळीचा बाग, उरलेल्या रानात कापूस. माणूस अबोल. त्याच्या वाट्याचे सगळे बोलणे त्याची बायको मंजुळाबाई बोलत असे. तिच्या जिभेला धार होती, पण त्या धारेने कोणी कापले गेल्याचे ऐकिवात नाही. काही वर्षांपूर्वी तिचे एक बाळंतपण कठीण झाले होते. पाय सुजले, रक्तदाब चढला, मूल हाती लागले नाही. त्यानंतर ती उठून कामाला लागली आणि तो रक्तदाब पुन्हा कोणी मोजला नाही.

त्या पावसाळ्यापासून मात्र मंजुळाबाई उतरत चालली होती. सकाळी पापण्या सुजत. अन्नाचा वास आला की मळमळे. अंगाला खाज सुटे. आणि चेहऱ्यावर एक मातकट पिवळेपणा आला होता. आपल्या खानदेशात माणूस पिवळा दिसला आणि त्याला अन्न जाईनासे झाले की घरातले आणि शेजारचे एकमुखाने सांगतात की ही कावीळ, हात धुऊन आणा. झुलाललाही सगळ्यांनी तेच सांगितले, आणि त्याने ते मानले.

मंजुळाबाईने परातीजवळ बसता बसताच तोंड उघडले.

"आबा, मी आरसामा देखं. डोया ते धवया फटक शेत. कावीय व्हती ते डोयामा नही दिसती का?"

गर्दीत खसखस पिकली. सुपडू पुढे झाला. "वयनी, आबाले शिकाडस का? मंग तूच बस ना गादीवर, मी तुना चेला!"

"तुनासारखा चेला भेटना ते मी गादी सोडी पयी जासू," मंजुळाबाई म्हणाली.

लोक पोट धरून हसले. पितांबर भगतही हसला, आणि मग हात उंचावून गंभीर झाला. "माय, तुनी कावीय भित्री शे. माले देखताच डोयामाईन पयी गई, हातमा जाई दपनी. आते देख, कशी काढस!"

अंगारा चोळला गेला. हात परातीत बुडाले. पाणी पिवळे झाले. झुलालच्या छातीवरचा धोंडा उतरला. वाचकहो, मंजुळाबाईने जो प्रश्न विचारला होता तो त्या दिवशीचा सर्वांत शहाणा प्रश्न होता, आणि तो हशात वाहून गेला.

भगताच्या आज्ञेप्रमाणे झुलालने तिला तालुक्याला नेऊन रक्त तपासविले. सांगितले, "काविळीची तपासणी करा," म्हणून तेवढीच झाली. पुढल्या रविवारी कागद घेऊन दोघे निंबखेडीस आले. यकृत दुखावले असता रक्तात एस.जी.पी.टी. नावाचे एक द्रव्य वाढते. निरोगी माणसात त्याचा आकडा चाळीसच्या आत असावा, असे कागदावर छापलेले होते. मंजुळाबाईचा आकडा होता सहा.

सुपडू सातवी शिकलेला. त्याने कागद मोठ्याने वाचला आणि स्वतःच उडी मारली. "सहा! चाळीस लगून चालस, आनि हाई सहा! शायमा जितला जास्त तितला पास, आठे जितला कमी तितला पास! वयनी पहिला नंबर!"

भगत उभा राहिला. "आयका रे बठ्ठा! डागदरनी चाळीसवालाले निरोगी मानेल शे. मनी माय सहावर! निरोगीसपेक्षा निरोगी!"

असा जयजयकार त्या चिंचेखाली पूर्वी झाला नव्हता. मंजुळाबाईचा कागद दोरीच्या मध्यभागी लागला. मात्र ती स्वतः झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती, कारण तिला उभे राहवत नव्हते. "रोग गया, आते ताकद येवाले येय लागीन," असे भगताने सांगितले आणि पथ्य दिले. ज्वारीची भाकर बंद. डॉक्टरची गोळी बंद. दोन्ही वेळा पिकलेली केळी, सकाळ-संध्याकाळ केळीच्या खांबाचा रस आणि तहान लागली की नारळाचे पाणी.

झुलालच्या घरी केळीला काय तोटा? तो पहाटे उठून बागेत जाई, खांब तोडी, आतला पांढरा गाभा काढून खलबत्त्यात कुटी आणि फडक्यातून गाळून पेला भरी. इतक्या निगुतीने त्याने कधी बैलालाही चारा घातला नव्हता.

"मी काय ढोर शे का, खांब खावाले?" मंजुळाबाई तोंड फिरवी.

"तू मनी गाय शे. पी."

"गाय? मंग भाकड व्हयनू ते बाजार दाखाडशात."

"तुले कोन ली? तोंड देखीसन गिऱ्हाईक पयी जाई."

हे ऐकून ती हसे, आणि हसता हसता पेला संपवी. झुलाललाही हसू येई. बायको हसली म्हणजे ती बरी होत आहे, असा त्याचा सरळ हिशेब होता.

दिवाळी झाली. मंजुळाबाई माहेरी गेली नाही, म्हणून तिची आई बेबाबाई धुळ्याहून, देवपुरातून, स्वतःच मळ्यावर आली. लेकीला जवळ घेताच ती दचकली. लेकीच्या श्वासाला मुताचा वास येत होता. पायांवर सूज होती, आणि ओट्यावरून उतरताना तिचे गुडघे पाण्यासारखे ढिले पडत होते.

"जवाईबापू, पोरले धुयाले लई चाला. आत्तेच."

"अक्का, कागद चांगला शे. निरोगीसपेक्षा निरोगी. मी दाखाडस तुम्हले..."

"कागद काय चाटू?" बेबाबाई कडाडली. "पोरना तोंडकडे देख!"

झुलालने पाहिले. रोज पाहत असलेला तो चेहरा त्याला त्या क्षणी जणू प्रथमच दिसला. हमरस्त्यावर एस.टी. गाठण्यासाठी त्याने गाडी जुंपली.

देवपुरात डॉ. भाईदास यांचा लहानसा दवाखाना होता. त्याला जोडूनच रक्त तपासण्याची खोली, आणि चार खाटा. डॉक्टर खानदेशातलेच, मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी मंजुळाबाईची पापणी अंगठ्याने खाली ओढली. आतला भाग कोऱ्या कागदासारखा पांढरा होता, आणि बुबुळाभोवतीही पिवळेपणाचा मागमूस नव्हता. मग त्यांनी तिच्या नडगीवर बोट दाबून धरले आणि उचलले. तेथे खळगा पडला व तसाच राहिला. रक्तदाब पाहून त्यांनी बाळंतपणाची चौकशी केली. रक्त काढले. झुलालने अदबीने तो कागद पुढे केला. मूळ कागद दोरीवर होता; तालुक्याच्या प्रयोगशाळेने दिलेली दुसरी प्रत त्याने घरी जपून ठेवली होती.

डॉक्टरांनी कागद वाचला. "हिला कावीळ नव्हती."

"उतरनी ना, साहेब. म्हणूनच..."

"उतरली नाही. नव्हतीच." आणि मग त्यांनी विचारले, "खायला काय देता?"

झुलालने भगताचे पथ्य सांगितले. केळी, खांबाचा रस, नारळपाणी. एक दिवसही चुकविले नाही, हे त्याने काहीशा अभिमानानेच सांगितले. डॉक्टरांनी हातातले पेन टेबलावर ठेवले. 

रक्ताच्या तपासणीने त्यांचा संशय खरा ठरविला. मंजुळाबाईची दोन्ही मूत्रपिंडे, ज्यांना लोक किडनी म्हणतात, ती निकामी होत आली होती. त्या बाळंतपणानंतर चढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे त्यांना आतून झिजवीत होता. चेहऱ्याचा मातकट पिवळेपणा, मळमळ, खाज, सूज हे सारे शरीरात साचलेल्या घाणीमुळे होते. आणि केळीत, नारळपाण्यात, खांबाच्या रसात पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. निरोगी माणसाला तो हितकर असतो, कारण मूत्रपिंडे जास्तीचा क्षार बाहेर टाकतात. तिची मूत्रपिंडे तो टाकू शकत नव्हती. तो रक्तात साठत गेला होता, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की हृदय बंद पाडतो.

"आजपासून हे सगळे बंद," डॉक्टर म्हणाले. "आधी हा क्षार उतरवू. मग लगेच मुंबई. तिथे यंत्राने रक्त स्वच्छ करतात. आणि जवळच्या नातलगाने एक मूत्रपिंड दिले आणि ते जुळले, तर ती जगू शकेल."

"मनं ली ल्या," बेबाबाई तत्काळ म्हणाली. "दोन्ही ली ल्या."

"एकच लागते, अक्का. एकावर तुम्हीही जगाल."

"मंग ते सोपं शे."

खाटेवरून मंजुळाबाईचा क्षीण आवाज आला. "माय, तुनं जुनं शे. चाली का?"

"तुले नऊ महिना त्याच पोटमा वागाडेल शे. चालीच!"

त्या संध्याकाळी औषधे सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला नेण्यासाठी मोटार ठरली. बेबाबाई घरी जाऊन कपड्यांची पिशवी भरून आली. सकाळी मंजुळाबाईला किंचित हुशारी वाटली. झुलाल उशाशी बसला होता. ती म्हणाली, "हात जड व्हई गया. मना केस बांधी द्या. मुंबईले अशी भुतनी जाऊ का?"

झुलालने बायकोचे केस आयुष्यात कधी बांधले नव्हते. त्याने दोन्ही हातांनी ते गोळा केले, फडक्याच्या चिंधीने करकचून बांधले, आणि गाठ मारली. मंजुळाबाईने मान हलवून पाहिली.

"हाई काय बैलनं दावं शे?" ती म्हणाली, आणि हसली.

त्या हसण्यातच तिची मान एका बाजूला कलली. झुलालला वाटले, थट्टा करते आहे. त्याने हाक मारली. दुसरी मारली. मग तो ओरडला. डॉक्टर धावत आले, छाती दाबू लागले, सुई दिली, पुन्हा छाती दाबू लागले. बेबाबाई भिंतीला धरून उभी होती, आणि पुनःपुन्हा एकच म्हणत होती, "मी देस ना. मी देस म्हनं ना."

ठरलेली मोटार दुपारी आली, आणि तिच्यातूनच त्यांनी मंजुळाबाईला मळ्यावर नेले.

उत्तरकार्य आटोपल्यावर एका रविवारी झुलाल निंबखेडीस गेला. त्याला भांडायचे नव्हते. बायको गेली एवढे सांगावे आणि तिचा कागद दोरीवरून उतरवून घ्यावा, एवढेच त्याच्या मनात होते. चिंचेजवळ पोहोचताच त्याच्या कानी सुपडूचा आवाज पडला.

"आनि हाऊ देखा! एरंडोलनी मंजुळाबाई! आकडा सहा! निरोगीसपेक्षा निरोगी!"

लोक तिच्या नावाला हात जोडीत होते. झुलाल गर्दीतून पुढे गेला. "ती मरनी," तो म्हणाला.

भगताने सहानुभूतीने मान डोलावली. "बठ्ठासले एक दिन जानं शे, भाऊ. पन कावीयघाई नही मरनी ती. कावीय ते मी काढेल व्हती. कागद खोटा शे का? सांग ना. शे का खोटा?"

कागद खोटा आहे, असे तर डॉक्टरही म्हणाले नव्हते. तो मान खाली घालून परतला, आणि घरी न जाता थेट धुळ्याला गेला. डॉक्टरांच्या पुढे बसून त्याने एकच गोष्ट विचारली.

"साहेब, ती इतली आजारी व्हती, ते तिना आकडा निरोगीसपेक्षा चांगला कसा?"

डॉ. भाईदास म्हणाले, "हे तुम्हाला एकट्याला सांगून भागणार नाही. पुढल्या रविवारी मी येतो."

तो रविवार उजाडला. डॉक्टर एक लाकडी पेटी घेऊन झुलालसह निंबखेडीस आले. त्यांनी भगताला नमस्कार करून विचारले, "महाराज, आपला अंगारा थोडा घेऊ?" एवढ्या लोकांसमोर भगताला नाही म्हणता येईना. डॉक्टरांनी प्रथम आपले कोरे हात परातीत बुडविले. पाणी होते तसेच राहिले. मग त्यांनी सुपडूच्या हातातली काठी मागितली, तिला अंगारा चोळला आणि ती परातीत धुतली.

पाणी हळदीसारखे पिवळे झाले.

मागून कोणी तरी ओरडला, "आयव! लाकूडले बी कावीय व्हयनी!" आणि हास्याचा असा कल्लोळ उडाला की फांदीवरचे कावळे उडून गेले.

"सुपडूभाऊ, ही कशाची पूड आहे?" डॉक्टरांनी विचारले. सुपडू जमिनीकडे पाहू लागला. "मी सांगतो. आंब्याची साल वाळवून कुटली की अशी पूड होते. ती चुन्याच्या निवळीत पडली की पाणी पिवळे होते. माणूस असो, काठी असो, बैलाचे शिंग असो. हीच पूड साध्या पाण्यात टाकून पाहा, पाणी असे पिवळे होणार नाही."

भगत पुढे सरसावला. "आनि कागद? कागदबी आंबानी सालना शे का?"

"नाही. कागद खरा आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेटी उघडली. आत काचेच्या नळ्या होत्या. "हे झुलालभाऊंनी दिलेल्या रक्ताचे वरचे पाणी. निरोगी माणसाचे. हे माझ्या दवाखान्यातल्या, मूत्रपिंडे बिघडलेल्या तीन रोग्यांचे. त्यांना विचारून आणले आहे. कावीळ यांपैकी कोणालाच नाही. तपासणीची अर्धी कृती मी धुळ्यातच करून आलो आहे, उरलेली तुमच्यासमोर करतो."

त्यांनी प्रत्येक नळीत एक द्रव टाकला. सगळ्या नळ्यांत तांबूस रंग उमटला. झुलालच्या नळीत तो काळ्या चहासारखा गडद झाला. उरलेल्या तिन्ही नळ्या फिक्याच राहिल्या.

"हा रंग जितका गडद तितका तो आकडा मोठा. पाहिलेत? निरोग्याचा आकडा मोठा, आणि मरणाच्या दारात असलेल्यांचा लहान. हे का होते? यकृतात विकर म्हणून द्रव्ये असतात. यकृत दुखावले की ती रक्तात सांडतात, म्हणून काविळीत आकडा चढतो. साधी कावीळ बहुधा आपोआप ओसरते, भगताने हात धुतले तरी आणि न धुतले तरी. तसा आकडाही उतरतो. दोरीवरचे बाकीचे कागद त्यांचे आहेत. पण मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरात एका जीवनसत्त्वाची उणीव पडते. त्या जीवनसत्त्वावाचून हे विकर कामच करीत नाही. आणि आपली तपासणी ते विकर किती काम करते एवढेच मोजते. शिवाय लघवी होत नाही, म्हणून पाणी रक्तात साठून रक्त पातळ होते. म्हणून आकडा खाली जातो."

कोणाला समजले, कोणाला नाही. डॉक्टरांनी ते ओळखले.

"तुमच्या गावाला सरकी काढणारा कापसाचा जिन आहे ना? जिन चालू असला की रस्त्यावर कापूस उडतो. फार उडाला तर समजावे की आत काही फाटले आहे. पण एखाद्या दिवशी कापसाचा एक तंतूही उडाला नाही, तर जिन उत्तम चालला आहे असे म्हणाल का? आधी जाऊन पाहाल की जिन बंद तर पडला नाही. मंजुळाबाईंचा सहा आकडा म्हणजे तो स्वच्छ रस्ता होता."

मग त्यांनी कापसात गुंडाळलेली एक नळी वेगळी काढली. "हे मंजुळाबाईंच्या रक्ताचे पाणी. बर्फात जपून ठेवले होते. मूत्रपिंडांची तपासणी वेगळी असते, ती भगताने सांगितलीच नव्हती." त्यांनी पिवळ्या द्रवाचे थेंब आणि क्षार तिच्यात सोडला. झुलालच्या रक्ताच्या दुसऱ्या नळीतही तेच सोडून ती शेजारी धरली. झुलालची नळी थोडी केशरी झाली. मंजुळाबाईची नळी पेटत पेटत गर्द नारिंगी झाली आणि लालीकडे झुकली. "मूत्रपिंडांनी न टाकलेली घाण जितकी जास्त, तितका हा रंग गडद," डॉक्टर म्हणाले.

झुलालने हात पुढे केला. डॉक्टरांनी ती नळी त्याच्या हाती दिली. त्याने ती उन्हाकडे धरून पाहिली. मंजुळाबाईचे जगात एवढेच उरले होते.

आता भगताने शेवटचा घाव घातला. "मी रस सांगा, खरं शे. पन पाजा कोनी? मी वनथू का तुना मयामा?"

झुलाल वळला. जो माणूस चारचौघांत तोंड उघडीत नसे, तो त्या सबंध गर्दीपुढे बोलला.

"मीच पाजा. रोज. चांगला चांगला खांब काढीसन पाजा. ती नको म्हने, तरी पाजा. तिना डोया धवया शेत, हाई तिनी आठे बठ्ठासले सांगं व्हतं, आनि आपू हासनूत. मीबी हासनू. मनी बायको मना हातनी गई. आते तुम्हना घरमा कोनले कावीय म्हनतस, त्याना डोया देखा. मना साठे देखा."

गर्दीत रुपचंद नावाचा एक माणूस आपल्या तरुण लेकीला घेऊन बसला होता. लेकीचे नाव लता. तिच्या मांडीवर खांबाच्या रसाची बाटली होती. रुपचंदने बोटाने तिची पापणी खाली ओढली.

"साहेब," तो म्हणाला, "धवयी शे."

डॉक्टरांनी तिच्या नडगीवर बोट दाबले. खळगा पडला, पण हळूहळू भरून आला. "हिच्या बाबतीत वेळ आहे," ते म्हणाले. "आजच चला." झुलालने ती बाटली तिच्या मांडीवरून उचलून चिंचेच्या मुळाशी ओतून दिली.

पितांबर भगत केव्हा निघून गेला ते कोणी पाहिले नाही. लोक दोरीवरचे आपापले कागद काढून घेऊ लागले. काही मात्र नुसतेच उभे होते. ज्यांच्या देवाचा चमत्कार डोळ्यांदेखत एका काठीवर उघडा पडतो, त्यांना घरी जायला थोडा वेळ लागतो.

एस.टी.ची वाट पाहत असता झुलालने डॉक्टरांना विचारले, "साहेब, मी तिले पहिलेच आनी व्हती ते ती वाचती का?"

डॉक्टर म्हणाले, "दिवाळीआधी आणले असतेत, तर आईचे मूत्रपिंड बसेपर्यंत ती टिकली असती, असे मला वाटते. खात्रीने सांगता येत नाही."

झुलालने मान हलविली. त्याचे डोळे वाहत होते. "बरं करं. गोड नही सांगं," तो म्हणाला, आणि गाडीत चढून खिडकीपाशी एकटा बसला.

वाचकहो, ही कथा येथे संपते, आणि तिच्यातील विनंती येथे सुरू होते. डोळ्यांना दिसले म्हणजे खरे, असे समजू नका. परातीतले पाणीही डोळ्यांना दिसत होते. कागदावर छापले म्हणजे कळले, असेही समजू नका. कागद विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. आपले माणूस पिवळे पडले तर त्याच्या डोळ्यांत पाहा, पायावर बोट दाबून पाहा, लघवी किती होते ते विचारा, रक्तदाब मोजवून घ्या. आणि जो प्रश्न विचारल्यावर लोक हसतात, त्याचे उत्तर मिळेपर्यंत उठू नका. आपल्या माणसावर प्रेम असणे पुरेसे नाही. झुलालचे प्रेम कोणाहूनही कमी नव्हते.

माझे शिक्षण बेताचे आहे. तरीही आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे लिखाण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. वाचून झाल्यावर घरातल्या कोणाला तरी हे मोठ्याने वाचून दाखविलेत, तर माझे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.

आपला नम्र,
हिलाल सोनजी महाजन
तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव